पायथॉन: "नेम इज नॉट डिफाइन्ड", मंडळाच्या वर्गणीचा हिशोब अडकलाय, मदत हवी

पोहे_जलेबी (इंदूर)

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाच्या वर्गणीचा हिशोब मागच्या वर्षीपासून मी पायथॉनमध्ये करते. पावतीपुस्तकातून एक्सेलमध्ये उतरवायचं, त्याची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) करायची, मग माझा छोटासा प्रोग्राम ती वाचून सांगतो की सभासद वर्गणी किती, देणगी किती, प्रसादाचे किती. आमचे खजिनदार काका सत्तरीचे आहेत, त्यांना कोड येत नाही पण शेजारी खुर्ची ओढून ओळ न ओळ वाचतात आणि विचारतात "हे काय, ते काय", म्हणून मी व्हेरिएबलची (किंमत साठवायच्या जागांची) नावं मराठीत ठेवलीत, एकूण, रक्कम, खाते अशी. पायथॉन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, मागच्या वर्षी काही त्रास झाला नाही.

यंदा म्हटलं जरा नीट करू, सगळं एका लांबलचक लूपमध्ये (दर पावतीला तेच पुन्हा चालणाऱ्या कोडमध्ये) होतं ते फंक्शनमध्ये (नाव दिलेल्या वेगळ्या तुकड्यात) टाकू. तर आता चालतच नाहीये. मोबाइलवरून लिहितेय, कीबोर्ड मराठीच आहे, त्यामुळे कीवर्ड नि आकडे पण देवनागरीत दिसतील, खऱ्या फाइलमध्ये ते इंग्रजीच आहेत.

एकूण = ०

डेफ जोड(पावती):
    एकूण = एकुण + इंट(पावती["रक्कम"])

फॉर पावती इन पावत्या:
    जोड(पावती)

प्रिंट(एकूण)

एरर येतो: नेमएरर: नेम 'एकुण' इज नॉट डिफाइन्ड.

पहिल्याच ओळीत तर केलंय ना डिफाइन? अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक) निघायच्या आत हिशोब बोर्डावर लावायचा असतो, आणि मी दोन रात्री यातच आहे.


छप्पन_भिया (इंदूर)

ताई, ऱ्हस्व-दीर्घ बघा. वर एकूण, णच्या आधी दीर्घ कू. फंक्शनमध्ये एकुण, ऱ्हस्व. पायथॉनला ही दोन वेगळी माणसं आहेत.


पोहे_जलेबी (इंदूर)

अरे हो!! दहा वेळा वाचलं तरी डोळ्यांना दिसलं नाही, कारण मनात आपण एकच शब्द वाचत असतो ना. थँक यू भिया. चालवून सांगते.


लष्कर_मास्तर (ग्वाल्हेर)

मी मुलांना शिकवतो तेव्हा हा एरर रोज बघतो, म्हणून थोडं लिहितो. मराठीत नावं ठेवली की शुद्धलेखनाच्या सगळ्या चुका नेमएरर होऊन परत येतात. किंमत आणि किमत. अंतर आणि अन्तर. इंग्रजीत सुद्धा तेच होतं, टोटल एकदा कॅपिटल टी आणि एकदा स्मॉल, पण तिथे निदान दिसतं तरी.

दुसरं म्हणजे तुमचं पायथॉन कुठलं आहे? ३.१० (२०२१ मध्ये आलं) आणि त्यापुढचं असेल तर एररच्याच ओळीत तो जवळचं नाव सुचवतो, "डिड यू मीन" करून. ३.१२ तर इम्पोर्ट (बाहेरचं मॉड्यूल आणायची ओळ) विसरलात तर तेही विचारतो, म्हणजे सिस किंवा मॅथ वापरलं आणि वर इम्पोर्ट केलंच नाही असं असेल तर. जुन्यात यातलं काही नाही, नुसतं "नॉट डिफाइन्ड" म्हणून गप्प.

आणि ट्रेसबॅक (एरर आल्यावर पडद्यावर येतो तो सगळा मजकूर) खालून वर वाचायचा. सगळ्यात खालची ओळ म्हणजे काय झालं, तिच्या वर कुठल्या ओळीत झालं. मुलं वरून वाचायला लागतात, पहिल्याच लांब ओळीला घाबरतात आणि फाइल बंद करतात. खूप मुलं याच कारणाने प्रोग्रामिंग सोडताना बघितलीत मी, म्हणून आवर्जून सांगतो.

माझ्या वर्गात ऱ्हस्व-दीर्घापेक्षाही जास्त दिसणारी चूक म्हणजे अवतरणचिन्हं विसरणे. पावती["रक्कम"] च्या जागी पावती[रक्कम]. मग पायथॉन रक्कम नावाचं व्हेरिएबल शोधायला जातो, ते नसतं, नेमएरर. आणि ट्रू, फॉल्स, नन (खरं, खोटं, काहीच नाही) यांची पहिली अक्षरं कॅपिटल नसली तर पण तोच एरर.


पोहे_जलेबी (इंदूर)

मंडळाचा लॅपटॉप जुना आहे मास्तर, ३.८ आहे त्यावर. म्हणून सुचवलं नाही वाटतं.

भिया, ऱ्हस्व-दीर्घ नीट केलं. आता वेगळाच एरर:

अनबाउंडलोकलएरर: लोकल व्हेरिएबल 'एकूण' रेफरन्स्ड बिफोर असाइनमेंट

आता तर स्पेलिंग पण बरोबर आहे. वर एकूण = ० आहे. लोकल कुठून आलं?? आधी वाटलं मीच काहीतरी मूर्खपणा केला असेल पण आता खरंच कळत नाहीये.


छप्पन_भिया (इंदूर)

फंक्शनच्या पहिल्या ओळीत ग्लोबल एकूण लिहा. चालेल.


पोहे_जलेबी (इंदूर)

चाललं. पण का चाललं ते कळलं नाही, आणि काका उद्या विचारणार, त्यांना मी काय सांगू?


सुरसागर_काठ (वडोदरा)

ताई, काकांना सांगता येईल असं सांगायचा प्रयत्न करतो, मी इथे डेटाचं काम करतो आणि हा प्रकार नवीन मुलांना दर महिन्याला समजावतो.

असं समजा की तुमची फाइल म्हणजे जुना वाडा आहे आणि प्रत्येक फंक्शन ही त्यातली एक खोली. वाड्याच्या चौकात एक डबा आहे, त्यावर लिहिलंय एकूण, आत शून्य. खोलीत बसलेल्या माणसाने "एकूण आण" म्हटलं तर पायथॉन आधी खोलीत बघतो, ती खोली दुसऱ्या खोलीच्या आत असेल तर त्या बाहेरच्या खोलीत बघतो, मग चौकात, आणि तिथेही नसेल तर शेवटी गावाच्या कोठारात, जिथे प्रिंट, लेन, इंट असल्या सगळ्यांच्या वस्तू ठेवलेल्या असतात. चारही ठिकाणी नाही मिळालं तर नेमएरर. इथपर्यंत सोपं आहे.

आता गंमत नाही, नियम आहे, आणि हा नियम नीट कळला की अर्धे प्रश्न संपतात: खोलीत कुठेही, अगदी शेवटच्या ओळीत सुद्धा, एकूण = काहीतरी असं लिहिलं असेल, तर पायथॉन फंक्शन चालवायच्या आधीच, फाइल वाचतानाच ठरवून टाकतो की या खोलीत एकूण नावाचा स्वतःचा डबा आहे. मग त्या खोलीपुरता चौकातला डबा त्याच्यासाठी नाहीच. तुमच्या ओळीत उजव्या बाजूला एकूण वाचायचा आहे, तो खोलीतला डबा उघडतो, त्यात अजून काही ठेवलेलंच नाही. म्हणून लोकल, म्हणून असाइनमेंटच्या आधी. नव्या पायथॉनमध्ये हाच मेसेज "कॅनॉट अॅक्सेस लोकल व्हेरिएबल" असा सुरू होतो, अर्थ तोच.

तुमचा पहिला एरर नेमएरर होता कारण एकुण (ऱ्हस्व) ला खोलीत कुणी काही दिलंच नव्हतं, त्यामुळे तो चौकात आणि कोठारात शोधून आला. दुसरा अनबाउंडलोकल, कारण या वेळी तो खोलीच्या बाहेर गेलाच नाही. तशी अनबाउंडलोकलएरर ही नेमएररचीच पोटजात आहे, म्हणून दोन्ही एकाच घरातले वाटतात. खात्री करायची तर डिस नावाचं मॉड्यूल आहे, ते फंक्शनच्या पोटातल्या सूचना दाखवतं, एका नावासमोर लोड फास्ट दिसेल, दुसऱ्यासमोर लोड ग्लोबल.

भियांनी सांगितलेलं ग्लोबल म्हणजे "या खोलीत स्वतःचा डबा नको, चौकातलाच वापर" असं पायथॉनला सांगणं. चालतं, पण मी वापरणार नाही. चौकातल्या डब्यात चार खोल्यांतून हात जायला लागले की कुणी कधी काय टाकलं ते सापडत नाही. फंक्शनने रक्कम परत द्यावी आणि बेरीज बाहेर एकाच जागी व्हावी:

डेफ रक्कम_काढ(पावती):
    रिटर्न इंट(पावती["रक्कम"])

एकूण = ०
फॉर पावती इन पावत्या:
    एकूण = एकूण + रक्कम_काढ(पावती)

काका हे वाचून एका दमात समजतील बघा.


पोहे_जलेबी (इंदूर)

वाडा आणि चौक! काकांचं लहानपण राजवाड्याच्या मागच्या वाड्यात गेलंय, त्यांना हे लगेच कळलं. ते म्हणाले मग चौकातल्या डब्याला खोलीतून हात लावायचाच नाही, जे द्यायचं ते दारातून बाहेर द्यायचं. तसंच केलं, एकूण बरोबर आली, पावतीपुस्तकाच्या बेरजेशी जुळली.

एक विचारायचं राहिलं, काकांनी काही रकमा एक्सेलमध्ये देवनागरी आकड्यांत भरल्यात, ५०१ वगैरे, तरी बेरीज बरोबर कशी आली?


लष्कर_मास्तर (ग्वाल्हेर)

इंट ला देवनागरी आकडे कळतात, "५०१" दिलं तर तो बरोबर पाचशे एक करतो. पण कोडमध्ये थेट देवनागरी आकडा लिहिला तर सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याचाच नियम मोडला. आणि रकमेत स्वल्पविराम असला, १,००१ असा, तर इंट नाही म्हणेल, तो आधी काढावा लागेल.


जुना_इंदोरकर (इंदूर)

मी निवृत्त माणूस, पूर्वी बेसिकमध्ये आणि फोरट्रानमध्ये काम केलेलं, म्हणून एक गोष्ट लिहावीशी वाटते. बेसिकमध्ये तुम्ही एकुण असं चुकीचं लिहिलं असतं तर काहीच एरर आला नसता बेटा. ज्या नावाला काही दिलेलं नाही त्याची किंमत शून्य, असा त्याचा नियम. प्रोग्राम गुपचूप चालायचा आणि उत्तर चुकीचं यायचं. फोरट्रानमध्ये तर नाव जाहीर केलेलं नसलं तरी चालायचं, आय पासून एन पर्यंतच्या अक्षराने सुरू होणारं नाव असलं तर पूर्णांक, बाकी सगळे दशांश, म्हणून जो तो आय, जे, के लूपला वापरतो ती सवय तिथून आली. त्या काळात एका अक्षराच्या चुकीसाठी आम्ही आख्खे आख्खे छापील कागद लाल पेनने तपासलेत. पायथॉन इथे थांबतो, पुढे जात नाही, ही मला त्याची सगळ्यात मोठी चांगली गोष्ट वाटते.


पोहे_जलेबी (इंदूर)

काका, तुमचं वाचून बरं वाटलं. पण तो परत थांबलाय. एकूण झाली, आता खात्यांची फोड करायची आहे, त्याचं फंक्शन असं आहे:

डेफ खाते_शोध(पावती):
    प्रकार = पावती["प्रकार"]
    इफ प्रकार == "सभासद":
        खाते = "सभासद वर्गणी"
    एलिफ प्रकार == "देणगी":
        खाते = "देणगी"
    एलिफ प्रकार == "कचोऱ्या":
        खाते = "प्रसाद"
    रिटर्न खाते

(आमच्याकडे एकेका दिवसाच्या प्रसादाच्या कचोऱ्या एकेक घर आपल्या नावाने देतं, त्याच्या पावत्या वेगळ्या.)

४६ पावत्या नीट होतात आणि ४७व्या पावतीला अनबाउंडलोकलएरर, व्हेरिएबल 'खाते'. या वेळी तर खाते बाहेर कुठेच नाहीये, सगळं खोलीतच आहे. आणि मागच्या वर्षी हेच इफ-एलिफ जसंच्या तसं लूपमध्ये होतं, १९८ पावत्या झाल्या, एकदाही एरर नाही.


छप्पन_भिया (इंदूर)

ताई फंक्शनच्या वर खाते = "देणगी" लिहून टाका, काही नाही जुळलं तर देणगी. नाहीतर खाते = "" टाका. एरर जाईल, आजच बोर्डावर लागेल हिशोब.


सुरसागर_काठ (वडोदरा)

थांबा थांबा, ताई, हे करू नका. भिया, राग मानू नका, पण या एका सल्ल्याने मी फार मोठं नुकसान होताना बघितलंय.

एरर काय सांगतोय ते ऐका आधी. तिन्ही इफपैकी एकही खरा ठरला नाही, म्हणून खाते ला काही मिळालं नाही. म्हणजे ४७व्या पावतीचा प्रकार "सभासद" नाही, "देणगी" नाही, "कचोऱ्या" पण नाही. मग तो काय आहे? प्रश्न तो आहे. वर "देणगी" लिहून टाकलं तर एरर जाईल, पण ती पावती न विचारता देणगीत जाईल, आणि पुन्हा कुणालाच कधी कळणार नाही.

आणि ताई, मागच्या वर्षी एरर का आला नाही, ते ऐकून तुम्हाला वाईट वाटेल, पण सांगायलाच हवं. लूपमध्ये असताना खाते हे चौकातलं व्हेरिएबल होतं. एका फेरीत त्याला "सभासद वर्गणी" मिळालं, पुढच्या फेरीत एकही इफ जुळला नाही तर ते रिकामं होत नाही, त्यात मागच्या पावतीचंच खातं तसंच पडून राहतं. म्हणजे न जुळलेली प्रत्येक पावती तिच्या आधीच्या पावतीच्या खात्यात गेली. एकूण बेरीज बरोबर, फोड चुकीची. एरर आला असता तर फक्त पहिलीच पावती न जुळणारी असती तेव्हा. यंदा तुम्ही फंक्शन केलं, फंक्शनला दर वेळी नवी कोरी खोली मिळते, जुनं काही उरत नाही, म्हणून यंदा ते बाहेर आलं. तुम्ही काही बिघडवलं नाहीये, तुम्ही ते उघडं केलंय.

माझ्या आधीच्या नोकरीत अगदी हेच झालं होतं. नोटबुकमध्ये (कोडचे तुकडे, म्हणजे सेल, एकेक करून चालवता येतात अशा फाइलमध्ये) काम चालायचं. कुणीतरी एक सेल चालवला, मग तो डिलीट केला, पण त्यातलं व्हेरिएबल मेमरीत जिवंतच होतं. खालचे सेल त्यावर तीन महिने चालले. एक दिवस कर्नल (नोटबुकमागे चालणारं पायथॉन) रीस्टार्ट झाला, मेमरी रिकामी झाली आणि नेमएरर आला, तर तेव्हाच्या टीममधल्या एकाने "चालायला हवं" म्हणून वर त्याच नावाला शून्य देऊन टाकलं. दोन महिन्यांचे आकडे शून्याने गुणले गेले आणि ते वरपर्यंत गेले. ज्याने केलं तो मुलगा मेहनती होता, त्याचं मला अजून वाईट वाटतं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की एरर घालवणं आणि चूक दुरुस्त करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हापासून मी नोटबुक कुणाला पाठवायच्या आधी रीस्टार्ट अँड रन ऑल केल्याशिवाय पाठवत नाही.


छप्पन_भिया (इंदूर)

राग कसला दादा. मी हे कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये सगळीकडे केलंय, वर सगळ्यांना नन देऊन ठेवायचं म्हणजे एरर नाही येत. आज रात्री बसून परत बघतो सगळं. लूपमध्ये जुनी किंमत उरते हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.


लष्कर_मास्तर (ग्वाल्हेर)

भिया, वर किंमत देणं नेहमी चूक असं पण नाही. मोजायचं असेल तर सुरुवातीला शून्य लागतोच, ती खरी सुरुवात आहे. स्वतःला एवढंच विचारा की काहीच जुळलं नाही तर ही किंमत खरी असेल का? बेरजेसाठी शून्य खरं आहे. पावतीसाठी "देणगी" खरं नाही.

लूपची अजून एक बाजू, लिस्टच रिकामी असली तर लूप एकदाही फिरत नाही आणि लूपमधलं व्हेरिएबल जन्मालाच येत नाही, खाली वापरलं की नेमएरर. फाइल चुकीच्या फोल्डरमधून वाचली, काही मिळालं नाही, असं झालं की हा दिसतो. तेव्हा लूपकडे बघत बसू नका, लिस्ट का रिकामी ते बघा.

आणि एक जे बऱ्याच जणांना माहीत नसतं: एरर पकडायला एक्सेप्ट ... अॅज ई असं लिहिलं (ई म्हणजे पकडलेला एरर) की तो ब्लॉक संपताना पायथॉन ई स्वतःहून पुसून टाकतो. खाली प्रिंट(ई) केलं की नेमएरर. एक्सेप्शन, त्याचा ट्रेसबॅक आणि फ्रेम एकमेकांना धरून मेमरीत अडकून राहू नयेत म्हणून तसं ठेवलंय. ई नंतर लागणार असेल तर ब्लॉकच्या आतच दुसऱ्या नावात ठेवा.


जुना_इंदोरकर (इंदूर)

बेटा, ४७वी पावती काढून बघितलीस का? कागदावरची.


पोहे_जलेबी (इंदूर)

काढली काका. कागदावर स्पष्ट लिहिलंय सभासद. एक्सेलमध्ये पण सभासद. प्रिंट(प्रकार) केलं, सभासद. डोळ्यांना तर दोन्ही एकच दिसतात. पण प्रकार == "सभासद" आहे का विचारलं तर फॉल्स, म्हणजे नाही.

सुरसागर दादा, तुमचं वाचल्यावर झोप नाही लागली. मागच्या वर्षीच्या हिशोबात प्रसाद खात्यात पैसे कमी पडले असं निघालं होतं, सभेत वाचून दाखवलं होतं मी, आणि त्यावरून यंदा कचोऱ्यांचा एक दिवस कमी करायचं ठरलंय.


सुरसागर_काठ (वडोदरा)

प्रिंट(प्रकार) नाही, प्रिंट(आस्की(प्रकार)) करा. आस्की फंक्शन प्रत्येक देवनागरी अक्षराचा नंबर दाखवतं, त्यात लपलेलं सगळं दिसतं. आणि शेवटच्या एलिफनंतर, रिटर्नच्या आधी हे लावा:

    एल्स:
        रेझ व्हॅल्यूएरर(पावती["क्रमांक"], आस्की(प्रकार))

म्हणजे अनोळखी प्रकार आला की तो आपण ठरवलेल्या जागी, पावतीच्या नंबरासकट थांबेल. "खाते ला किंमत नाही" यापेक्षा "पावती ४७ चा प्रकार ओळखला नाही" हे काकांना जास्त कळेल.


पोहे_जलेबी (इंदूर)

सापडलं! सभासदच्या पुढे एक स्पेस आहे. माझ्या भाच्याने भरल्या त्या पावत्या, त्याच्या मोबाइलचा कीबोर्ड सुचवलेला शब्द निवडला की आपोआप पुढे स्पेस टाकतो. प्रकार = पावती["प्रकार"].स्ट्रिप() केलं (ते दोन्ही टोकांच्या स्पेस काढतं), ४७वी गेली, मग पुढे अशा अजून पाच होत्या, त्या पण गेल्या.

आता ११२वर थांबलंय. प्रकार कचोऱ्या. स्पेस नाही. आस्कीमध्ये मध्येच यू२००डी असं काहीतरी दिसतंय, ते माझ्या कोडमधल्या शब्दात नाहीये.


लष्कर_मास्तर (ग्वाल्हेर)

हा खास आपला मराठी प्रश्न आहे ताई! कचोऱ्या, पुऱ्या, दऱ्या यातला अर्धा र दोन पद्धतीने टाइप होतो. एक, ऱ हे वेगळं अक्षर (नंबर ०९३१) आणि त्याला हलंत. दुसरी, साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं अक्षर, झीरो विड्थ जॉइनर, तोच तुमचा २००डी. पडद्यावर दोन्ही सारखेच. कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. स्ट्रिप याला हात लावत नाही कारण ती स्पेस नाही, आणि युनिकोडडेटाचं नॉर्मलाइझ (अक्षरं एका रूपात आणणारं फंक्शन) पण तो काढत नाही.

नुसता २००डी काढून टाकू नका, नाहीतर कचोऱ्याचं "कचोर्या" होईल, रफार वर चढेल, आणि ते तिसरंच स्पेलिंग. र + हलंत + २००डी हा आख्खा तुकडा ऱ + हलंत ने रिप्लेस करा, फाइल वाचताना एकदाच.

व्हेरिएबलच्या नावात हे अक्षर आलं तर मात्र गोष्ट वेगळी, पायथॉन तिथे सरळ सिंटॅक्स एरर देतो, नावात जॉइनर चालतच नाही. बाकी व्हेरिएबलची नावं तो वाचताना स्वतः एका रूपात आणून घेतो, स्ट्रिंगच्या आतल्या मजकुराला पण तो हात लावत नाही. मी म्हणून मुलांना सांगतो, मराठी नावं जरूर ठेवा, पण जिथे अर्धा र येतो ते नाव टाळा.


जुना_इंदोरकर (इंदूर)

हे मला आज नव्याने कळलं. आमच्या वेळी मराठी अक्षर पडद्यावर उमटलं हेच फार होतं.


छप्पन_भिया (इंदूर)

ताई अजून एक काम करा, मी काल रात्री केलं. रफ नावाचं टूल आहे, फाइलवर चालवलं की न चालवताच सांगतं कुठलं नाव डिफाइन नाही, एफ८२१ असा कोड येतो. तुमचा एकुण-एकूण त्याने एका सेकंदात पकडला असता. पण इफ-एलिफमध्ये सुटलेलं खाते त्याने नाही पकडलं, मी मुद्दाम करून बघितलं. ते व्हीएस कोडमध्ये (कोड लिहायचा एडिटर) पायलान्सने (त्यातलं कोड तपासणारं एक्स्टेन्शन) पकडलं, खाली रेघ आली, "पॉसिबली अनबाउंड". माझ्या प्रोजेक्टमध्ये अशा सात रेघा आल्यात. चार ठिकाणी मी वर नन देऊन ठेवलं होतं ते काढल्यावर आल्या त्या.

आणि फ्रॉम अमुक इम्पोर्ट स्टार लिहिलं असेल तर काढून टाका, मग टूलला पण कळत नाही कुठलं नाव कुठून आलं.


सुरसागर_काठ (वडोदरा)

वा भिया, हे फार छान केलंत. आणि पायलान्सची रेघ खाली असेल तिथे ताबडतोब किंमत देऊ नका, आधी एल्स लिहून बघा, कुठली केस सुटली ते आपोआप पुढे येतं.

ताई, मागच्या वर्षीची सीएसव्ही आहे का अजून?


पोहे_जलेबी (इंदूर)

आहे. आज संध्याकाळी खजिनदार काका आले, आम्ही दोघांनी मागच्या वर्षीची फाइल नव्या फंक्शनमधून काढली. १९८ पैकी १४ पावत्या चुकीच्या खात्यात होत्या, आधीच्या पावतीच्या खात्यात, दादा म्हणाले तसंच. त्यातल्या ९ कचोऱ्यांच्या, म्हणजे त्या मी लॅपटॉपवर भरल्या होत्या आणि कोडमधला शब्द मोबाइलवरून आणला होता. ९ गुणिले ५०१, ४,५०९ रुपये प्रसाद खात्यातून निघून सभासद आणि देणगीत बसले होते. प्रसादाला पैसे कमी पडलेच नव्हते.

मला सभेत उभं राहून वाचलेलं आठवत होतं, काकांना सांगताना आवाज नीट निघेना. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसला, पावतीपुस्तक मागितलं, आणि नऊच्या नऊ पावत्यांवर बोट ठेवून नंबर मोठ्याने वाचले, मी पडद्यावर टिक करत गेले. मग म्हणाले, रविवारी दुरुस्त हिशोब आपण दोघं मिळून वाचू, आणि शनिवारच्या कचोऱ्यांची ऑर्डर उद्या सकाळीच देऊन येतो, उशीर केला तर मिळायच्या नाहीत.

यंदाच्या २१२ पावत्या शेवटपर्यंत गेल्या, एल्सवर एकदाही थांबलं नाही. फाइल उद्या मंडळाच्या ग्रुपवर टाकते, इथे पण चिकटवते.


छप्पन_भिया (इंदूर)

ताई, शनिवारी कचोऱ्या वाटायला मी येतो. मंडळ कुठल्या गल्लीत ते मेसेज करा.